पट्टा ओढला की डावीकडे

मित्रांनो, मी हरणाच्या शिकारीची एक रायफल आहे. वय अवघं बारा वर्षं. आमच्या जातीत हे वय कोवळंच म्हणायचं, कारण इथल्या जंगलात आजोबांच्या रायफली नातवंडं वापरतात. पण बारा वर्षांत माझे तीन मालक झाले आणि तिघांनाही मी नकोशी झाले, म्हणून मी स्वतःला जुनी म्हणवते.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. नळी चांगली मिळाली, हे आधीच सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल ही नुसती रडते आहे. बाकीच्या अंगाला मात्र प्लास्टिक आलं. दस्ता, म्हणजे नळीखालून खांद्यापर्यंत जाणारा भाग, प्लास्टिकचा आणि आतून पोकळ. काडतुसांची पेटीही प्लास्टिकची, चालता चालता बर्फात गळून पडणारी. चाप इतका जड की ओढता ओढता माणसाने रोखून धरलेला श्वास संपतो. सेफ्टीचा खटका असा वाजतो की हरीण मान वर करून बघतं. वजनाला मी हलकी, म्हणून दुकानात सगळ्यांना आवडते. हलकी म्हणूनच खांद्याला अशी लाथ मारते की दुसऱ्या दिवशी कोट चढवताना माझी आठवण व्हावी.

पहिल्या मालकाने मला दोन हंगामांत विकलं, दुसऱ्याने एकाच. दोघंही विकताना तेच वाक्य बोलले, "फारशी वापरलीच नाही हो." ते खरंच होतं. का वापरली नाही, हे त्यांनी सांगितलं नाही आणि घेणाऱ्यानेही विचारलं नाही.

तिसरे मालक रेइनो लाह्ती. अमेरिकेतल्या मिशिगनच्या उत्तर टोकाचे, लाकडाच्या गिरणीतून निवृत्त झालेले, सत्तरीतले. जुनी जड रायफल पेलवेना म्हणून त्यांनी मला घेतलं. नोव्हेंबरच्या पंधरा तारखेला हंगाम उघडतो, तेव्हा अख्खं कुटुंब जंगलातल्या कॅम्पवर राहायला येतं. दलदलीच्या कडेचं मचाण अडतीस वर्षं रेइनोंचं होतं. तिथे दुसऱ्या कुणी बसावं, असं कुणाच्या मनातही येत नसे.

कॅम्पची एक रीत होती. ज्याचा नेम चुकला, त्याच्या शर्टाचा मागचा तुकडा कात्रीने कापायचा, त्यावर नाव आणि साल लिहायचं आणि भिंतीवर खिळ्याने ठोकायचा. कात्री नेहमी रेइनोंच्या मेहुण्याकडे, व्हर्नकडे असायची. त्याला ते काम मनापासून आवडायचं.

दर वर्षी हंगामाआधी रेइनो मला खडीच्या खाणीत नेत, वाळूच्या पिशवीवर ठेवत आणि तीन गोळ्या झाडत. तिन्ही चहाच्या कपाच्या तोंडाएवढ्या जागेत बसत. व्हर्न म्हणे, "दाजी, रायफल अगदी झकास आहे."

मचाणावर मात्र वाळूची पिशवी नसते. तिथे रेइनो, लष्करात शिकल्याप्रमाणे, माझा पट्टा डाव्या दंडाला गुंडाळून घट्ट ओढत. तो ताण आला की माझा पोकळ दस्ता वाकायचा आणि नळीला एका बाजूने दाबायचा. दीडशे पावलांवर गोळी वीतभर डावीकडे जायची. हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. सांगणार कुणाला?

पहिल्या वर्षी शर्ट कापला गेला तेव्हा सगळे पोट धरून हसले, रेइनोसुद्धा. दुसऱ्या वर्षी व्हर्न कात्री वाजवत म्हणाला, "दाजी, पुढच्या वर्षी शर्ट दोन आणा, एक घालायला आणि एक मला द्यायला." रेइनो थोडंसं हसले. गावात परतल्यावर त्यांनी चष्मा बदलून घेतला.

तिसऱ्या वर्षी गोळी लागली. खांद्यामागे लागायची ती पोटात लागली आणि ते हरीण दलदलीत शिरलं. रेइनो बर्फावरच्या रक्तामागे अंधार पडेपर्यंत चालले, सकाळी पुन्हा गेले. हरीण सापडलं नाही. त्या दिवशी कुणी कात्री बाहेर काढली नाही. माझ्या मते ती शिक्षा सगळ्यांत मोठी होती.

जेवताना व्हर्न हळूच म्हणाला, "दाजी, एकदा डोळे दाखवून या."

"दाखवलेत," रेइनो म्हणाले. "दोनदा."

पुढच्या हंगामात त्यांनी मचाण आपणहून व्हर्नला दिलं आणि स्वतः चुलीपाशी राहिले. मला खुंटीला टांगलं. आल्यागेल्याला ते सांगत, "आता हात पूर्वीसारखा राहिला नाही." माझ्या खुंटीखालीच उभं राहून सांगत.

त्याच्या पुढच्या वर्षी त्यांची मुलगी कारिन कॅम्पवर आली. ती रस्त्यांची मोजणी करते. तिने मला खुंटीवरून काढलं, पट्टा बापाने शिकवला होता तसाच दंडाला ओढला आणि बापासारखीच चुकली.

व्हर्न कात्री घेऊन दारातच उभा होता. "घराण्यातच आहे म्हणायचं."

"मामा, शर्ट नंतर काप. आधी माझ्याबरोबर खाणीवर चल."

"आत्ता? जेवण गार होईल, पोरी."

"होऊ दे."

खाणीत तिने वाळूच्या पिशवीवरून तीन गोळ्या झाडल्या. तिन्ही मध्यभागी. मग पट्टा ओढून तीन झाडल्या. तिन्ही डावीकडे, एकमेकींना चिकटून. तिने खिशातून डॉलरची नोट काढली आणि नळी आणि दस्ता यांच्या फटीत सरकवली. नोट सरसर फिरली. "आता ओढ पट्टा," ती म्हणाली. व्हर्नने ओढला. नोट अडकली.

"दाजींना कोण सांगणार?" त्याने विचारलं.

"तू. डोळे दाखवून या असं तूच म्हणालास ना?"

रेइनो पेस्टीसाठी, म्हणजे मांस-बटाट्याच्या भाजलेल्या मोठ्या करंजीसाठी, सलगम चिरत होते. व्हर्नने सगळं सांगितलं. ते चिरत राहिले. मग सुरी खाली ठेवून म्हणाले, "रात्र रात्र मी स्वतःला विचारत होतो, हात थरथरला का. हिला एकदाही विचारलं नाही."

"उद्या मचाणावर तुम्ही बसा, दाजी."

"आणि गुडघे कोणाचे लावू, तुझे?" ते म्हणाले. "मचाण आता परत देऊन काय उपयोग, व्हर्न? ती वेळ गेली."

मला विकायचं ठरलं. "फारशी वापरली नाही असं सांगू," व्हर्न म्हणाला. रेइनोंनी ऐकलं नाही. त्यांनी दस्त्यावर कागदी पट्टी चिकटवली आणि जाड पेनाने लिहिलं: 'पट्टा ओढला की डावीकडे मारते. नळी चांगली आहे. दस्ता बदला.' स्वतः गाडी चालवत मला दुकानात पोहोचवलं.

दोन आठवडे लोकांनी ते वाचलं आणि मला परत ठेवलं. मग दुकानदाराने पट्टी नखाने सोलली आणि डिंकाचा डाग तेलाने पुसला. काल एका गिऱ्हाइकाने मला उचललं. "हलकी आहे," तो खूश होऊन म्हणाला. "आधीच्या मालकाने का विकली?"

"म्हातारा होता," दुकानदार म्हणाला. "नजर गेली त्याची. फारशी वापरलीच नाही."

मित्रांनो, वस्तू दुसऱ्याच्या हाती देताना तिचा दोषही सांगून द्या. आणि कुणाचा नेम चुकला तर त्याच्या डोळ्यांवर बोलण्याआधी त्याच्या हातात काय आहे तेही बघा. मला स्वतःहून सांगता येत नाही. मला एकच आवाज दिला आहे, आणि तो निघतो तेव्हा फार उशीर झालेला असतो.