हलकेबाबांचा दुसरा पेला

बाराचा भोंगा झाला की कागद गिरणीतली माणसं कॅन्टीनकडे चालत जातात. त्या गुरुवारी ती पळत गेली. तळलेल्या बटाट्यांसाठी कुणी पळत नाही, ते रोजचेच. पळापळ होती ती हलकेबाबांसाठी. बाकांवर, खिडक्यांत, हात धुवायच्या कट्ट्यावर, जिथे म्हणून माणूस टेकू शकतो तिथे माणूस टेकला होता. पुढच्या टेबलामागे पांढऱ्या झग्यातले हलकेबाबा बटाट्याची एक फोड चिमट्यात धरून तिच्याकडे टक लावून बघत होते.

"ही फोड जड आहे," बाबा म्हणाले. "हिच्यात अहंकार आहे."

फोडीत अहंकार होता की नाही देव जाणे, तेल मात्र भरपूर होतं. बाबांनी एका चकचकीत पेल्यात मोजून दीडशे ग्रॅम पाणी घेतलं, पाण्यात थर्मामीटर सोडला आणि पेल्याखाली ती फोड पेटवली. फोड छान जळली. पंचवीस अंशांवरचं पाणी पंचावन्नवर गेलं. मग तेवढ्याच वजनाची दुसरी फोड त्यांनी तांब्याच्या घुमटाखाली झाकली, घुमटावर तीन टिचक्या मारल्या, डोळे मिटून काहीतरी पुटपुटले आणि ती दुसऱ्या पेल्याखाली जाळली. पाणी तेवढंच, फोड तेवढीच, पण ह्या वेळी पारा चाळीसवर येऊन जो थांबला तो थांबलाच.

"निम्मी उष्णता, म्हणजे निम्म्या कॅलरी," बाबा म्हणाले. "स्थूल कॅलरी खाली राहिली. सूक्ष्म कॅलरी वर गेली."

तीनशे माणसांनी एकदम छताकडे पाहिलं. छताला एक पंखा होता, तो नेहमीसारखा बंद होता.

ह्या प्रकरणाची सुरुवात महिन्याभरापूर्वीची. गिरणीच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी वर तक्रार केली होती की कॅन्टीनचं जेवण फार तेलकट आहे, कामगारांची पोटं सुटत चालली आहेत. कॅन्टीनच्या मॅनेजरांना वरून हुकूम आला की जेवण हलकं करा. जेवण हलकं करायचं तर आचाऱ्याशी भांडावं लागतं, आणि मॅनेजर आचाऱ्याला घाबरत. म्हणून ते हलकेबाबांना घेऊन आले. बाबा दर गुरुवारी येऊन हा प्रयोग दाखवत, स्वयंपाकघरावर घुमट फिरवत आणि आठवडाभराचं अन्न हलकं करून जात. दाराशी एक फळा होता, त्यावर रोजच्या ताटाच्या कॅलरी लिहिलेल्या असत. आधी तिथे ८२० होतं, आता ४१० झालं. तेल तेवढंच, साखर तेवढीच, बदलला तो फक्त खडूचा आकडा.

शेवटच्या बाकावर काटेबाई बसली होती. फाटकाजवळच्या वजनकाट्यावर तिनं वीस वर्षं काढली होती, म्हणून हे नाव. रद्दीची गाडी आत येताना भरलेली तोलायची, बाहेर जाताना रिकामी तोलायची, वजाबाकी करून चिठ्ठी फाडायची, एवढंच तिचं काम. पण ह्या एवढ्याशा कामात तिनं माणसाची जात ओळखली होती. वजन वाढावं म्हणून रद्दीवाले गठ्ठे भिजवून आणत. कुणी सीटखाली चोरटाकी पाण्यानं भरून येई आणि जाताना आडबाजूला नळ सोडून ती रिकामी करी. त्यामुळे कुणी पाणी दाखवून काही सिद्ध करायला लागलं की ती कान टवकारी. एरवी तिनं हाही तमाशा हसून सोडून दिला असता. कितीतरी भोंदू आले आणि गेले, गिरणी आहे तिथेच आहे. पण पहिल्या बाकावर तिचा थोरला भाऊ बसला होता, आणि तो मान डोलावत होता.

दादा बॉयलरवर होता. त्याला साखरेचा आजार होता आणि दोन्ही वेळा इन्सुलिनची सुई घ्यावी लागे. परवाच वहिनी काट्याच्या खोलीत येऊन रडून गेली होती. दादा हल्ली कॅन्टीनच्या केकचे दोन-दोन तुकडे खात होता आणि वर सुई कमी केली होती. जेवून उठल्यावर काटेबाईनं त्याला गाठलं.

"दादा, सुई किती घेतोस?"

"निम्मी. ताट निम्मं झालं, सुई निम्मी झाली. सरळ आहे."

"डॉक्टरीणबाईंना विचारलंस?"

"त्यांनी पुस्तकात वाचलंय, मी डोळ्यांनी बघितलंय." तो चिडला होता. "तुझा सगळा जन्म संशयात गेला. रद्दीवाल्यांत बसून बसून तुला आता माणसंसुद्धा ओली दिसायला लागलीत."

हे तिला लागलं. ती तशीच दवाखान्यात गेली. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की दादाची साखर तीनशे ऐंशीवर गेली आहे आणि त्या दोनदा बजावून थकल्या आहेत. आठ दिवसांनी, शुक्रवारी, वार्षिक तपासणी होती. साखर अशीच राहिली तर त्या त्याला बॉयलरवर उभं राहू देणार नव्हत्या. "नोकरीचं नंतर बघू," त्या म्हणाल्या. "असंच चालू ठेवलं तर हा माणूस एक दिवस बेशुद्ध होऊन पडेल." काटेबाईला भीती वाटली, खरोखरची.

दुसऱ्या दिवशी एक तारीख होती. गिरणीत एक जुनी गंमत चाले. दर एक तारखेला बॉयलर आणि लगद्याच्या विभागातली एकतीस माणसं गाड्यांच्या वजनकाट्यावर एकत्र उभी राहत आणि काटेबाई त्यांना गाडीसारखीच चिठ्ठी फाडून देई. माल, माणसं. नग, एकतीस. बाबा यायच्या आधीच्या चिठ्ठीवर दोन हजार एकशे सत्तर किलो होते. ह्या वेळी काटा दोन हजार दोनशे तीसवर गेला. माणसं तीच, बूट तेच, आणि एका महिन्यात साठ किलो जास्त. निम्मं ताट जेवून, आणि त्याच भरवशावर वर आणखी खाऊन, माणशी जवळजवळ दोन किलो वाढले होते.

चिठ्ठी हातोहात फिरली. कुणी म्हणालं, काटा बिघडला असेल. काटेबाईनं त्याच काट्यावर प्रमाण वजनं चढवून दाखवली, काटा ठीक होता. मग कुणीतरी बाबांना फोन लावला. बाबांनी उत्तर दिलं की हे वजन शरीराचं नसून आनंदाचं आहे. लोकांना ते पटलं. माणसाला आनंदाचे दोन किलो चालतात, चरबीचे चालत नाहीत.

तिनं मग कागद घेतला. कॅन्टीनची गाडीही तिच्याच काट्यावरून आत जात असे, त्यामुळे सगळी वजनं तिच्याकडे होती. आठवड्याला एकशे पस्तीस किलो तेल आत जाई. तळून काळं झालेलं सत्तावीस किलो पिंपातून बाहेर पडे. म्हणजे एकशे आठ किलो आतच राही, आणि स्वयंपाकघरात तेल पिणारी कुणी मांजर नव्हती. सहा दिवस, रोजची तीनशे ताटं. एका ताटाला साठ ग्रॅम आले. ग्रॅमभर तेलात नऊ कॅलरी, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं. नुसत्या तेलाच्याच पाचशे चाळीस झाल्या, आणि फळा म्हणत होता की भात, पाव, भाजी, केक सगळं धरून चारशे दहा. तांदूळ, पीठ, साखर तशीच मांडून पाहिल्यावर आकडा बाराशेच्या घरात गेला.

म्हणजे बाबांच्या आधीचे आठशे वीससुद्धा खोटेच होते. ती मुख्य आचाऱ्याकडे गेली.

"आठशे वीस कुणी काढले होते?"

"काढले कुणी नाहीत," आचारी म्हणाला. "फळा विकत आणला तेव्हा त्यावर नमुन्याला लिहिलेलेच होते. मला वाटलं, फळेवाल्याला माहीत असेल."

मॅनेजरांनी कागदाकडे बघितलंही नाही. तुम्ही गाड्या तोला, मी ताटं बघतो, असं म्हणून त्यांनी तिला वाटेला लावलं. दादानं कागद घेतला, घडी केली आणि परत दिला. आकडेमोड कुणीही करतो, म्हणाला, पारा खोटं बोलत नाही. काटेबाई खोलीत येऊन बसली. पारा खोटं बोलत नाही हे तिलाही मान्य होतं. मग खोटं बोलतंय कोण? समोरून एक गाडी रिकामी होऊन आली, तिनं सवयीनं आधी गाडीचा नंबर पाहिला. भरलेली आली तीच गाडी रिकामी परत जातेय ना, हे बघायचा नेम होता. आणि तिथेच ती थबकली. बाबा पेला का बदलतात?

पुढच्या गुरुवारी ती प्रयोगशाळेतला छोटा काटा बगलेत मारून आली. कागदाचे नमुने तोलायचा तो काटा, ग्रॅमभर फरकही दाखवणारा. बाबांनी त्या दिवशी मदतीला खास दादाला पुढे बोलावलं होतं. पेले त्याच्याच हाती होते. काटेबाईनं काटा टेबलावर ठेवला.

"बाबा, दोन पेले कशाला? एकच धुऊन वापरला तर?"

"जड अन्नाचे संस्कार भांड्याला चिकटतात, ताई."

"मग दोन्ही रिकामे तोलून बघू या. फार काही नाही, गाडीसुद्धा आम्ही रिकामी तोलतो."

बाबा म्हणाले की तोलल्यानं लहरी फाटतात. मागून कुणीतरी म्हणालं की फाटल्या तर शिवू, गिरणीत सुई-दोरा आहे. लोक हसले, पण दादा हसला नाही. तो बहिणीकडे रागानं बघत होता.

"मी हात लावत नाही," ती त्याला म्हणाली. "तूच ठेव, तूच वाच. माझ्यावर विश्वास ठेवूच नकोस."

दादानं पहिला पेला ठेवला आणि वाचलं, एकशे ऐंशी ग्रॅम. दुसरा ठेवला. पुन्हा उचलून पुन्हा ठेवला. तीनशे तीस. दिसायला दोघे जुळे भाऊ, उंची एक, घेर एक.

"संस्काराला वजन असतं," बाबा लगेच म्हणाले.

दादानं त्यांच्याकडे लक्षच दिलं नाही. त्यानं दुसरा पेला उचलला, कानाशी नेला आणि हलवला. अगदी बारीक आवाज आला, डुबुक. बावीस वर्षं बॉयलरजवळ कान देऊन उभ्या राहिलेल्या माणसाला तो आवाज कुणी समजावून सांगावा लागत नाही. त्याचा चेहरा उतरला. मग तो लोकांकडे वळला.

"ह्याला दुहेरी भिंत आहे," तो सावकाश म्हणाला. "मध्ये पाणी भरून वरून बंद केलंय. तापून फुगायला थोडी जागा ठेवलीय, म्हणून वाजतंय. वजनात दीडशेचा फरक, म्हणजे वर दिसतं जवळजवळ तेवढंच पाणी भिंतीतही आहे. फोडीनं उष्णता पुरी दिली, पण तापवायला पाणी दुप्पट. पारा निम्माच चढणार."

दादानं स्वतःच चिमटा घेतला आणि पेल्यांची अदलाबदल केली. घुमट न दाखवलेली फोड दुसऱ्या पेल्याखाली जाळली, पारा चाळीसवर थांबला. आता घुमटाखालची फोड पहिल्या पेल्याला द्यायची होती, पण बाबांच्या लहरी थकल्या होत्या. तेव्हा मुख्य आचारी पुढे झाला आणि कमी पडायला नको म्हणून त्यानं घुमटावर तीनऐवजी सहा टिचक्या मारल्या. पारा पंचावन्नवर गेला. सूक्ष्म कॅलरी आकाशातून परत आली होती.

बाबांनी घुमट आवरला आणि आपल्याला दुसरीकडे जायचं आहे असं सांगितलं. दुसरा पेला मागायचं धाडस त्यांना झालं नाही. मॅनेजर फळा पुसायला धावले, तर आचाऱ्यानं खडू त्यांच्या हातातून काढून काटेबाईला दिला. तिनं तेलाचा हिशेब सगळ्यांसमोर मांडला, एकेक ओळ, आणि खाली बाराशे लिहिलं. शेजारी तिनं 'अंदाजे' असंही लिहिलं, कारण तो अंदाजच होता. पण तो कसा काढला हे कुणालाही तपासता येत होतं.

दादा भिंतीशी उभा होता. ती जवळ गेली.

"उद्यापासून सुई पुरी घेतो," तो जमिनीकडे बघत म्हणाला.

"उद्या नाही, आता. आणि डॉक्टरीणबाई सांगतील तेवढी. चल."

तो तिच्याबरोबर निघाला. दवाखान्याच्या पायरीवर म्हणाला, "मला फार हवं होतं ग ते खरं असायला. केक मला फार आवडतो." तिला हसूही आलं आणि रडूही. तिनं त्याचा हात धरला.

एका दिवसात साखर कुठे उतरायची? शुक्रवारच्या तपासणीत डॉक्टरीणबाईंनी त्याला बॉयलरवरून काढलं आणि दोन महिने भांडारात बसवलं. घुमटाची किंमत दादानं अशी मोजली. पण तिसऱ्या महिन्यात तो बॉयलरवर परत आला. आचाऱ्यानं तेल निम्म्यावर आणलं, खरोखरचं निम्म्यावर, आणि आता तो पळी तोलूनच आकडा लिहितो. दादानं दुसऱ्या पेल्याच्या बुडाला भोक पाडून तो फळ्याशेजारी खिळ्याला टांगला आहे. नवा माणूस कामावर आला की त्याला तो हातात देऊन आतली पोकळी दाखवतो.

तेव्हा मंडळी, अन्न कुणाच्या फुंकरीनं हलकं होत नाही आणि औषध कुणाच्या टिचकीवर कमी करायचं नसतं. चमत्कार दिसला तर हात जोडण्याआधी एकच करा, रिकामं भांडं तोलायला मागा. ज्याचं खरं असतं तो हसत हसत देतो.