सासऱ्यांच्या नावाचा कोळी

मित्रांनो, मी एक जुना कोळी आहे. बाटलीत, स्पिरिटमध्ये राहतो. मेलेलो आहे, पण म्हणून माझ्या मतांना कमी लेखू नका.

आमच्या घराण्यात पोटावर चिलखतासारख्या आडव्या पट्ट्या असतात आणि धागा काढायचे अवयव पोटाच्या मध्यावर. बाकीच्या बहुतेक कोळ्यांनी पट्ट्या घालवल्या, धाग्याची यंत्रणा पार मागे ढकलली आणि कोपऱ्याकोपऱ्यात जाळी टांगून बसले. आम्ही जमिनीत बीळ खणून त्याला दार लावतो. दार! तरी 'आदिम' म्हणे आम्हीच. वर आम्हाला त्यांचे पूर्वज समजतात. अहो, आमचं नातं चुलत घराण्यांचं. मूळ पुरुष एक, फांद्या फार पूर्वी वेगळ्या झाल्या. त्या जाळेवाल्यांपैकी कुणाचाही मी पणजोबा नाही. कृपया अफवा पसरवू नका.

मला पकडलं एका संशोधकाने. घरजावई. आमच्यातल्या नराची जात तोंडाशेजारच्या दोन आखूड स्पर्शपायांवरून ओळखतात. याने बाटलीत बुडवताना चिमट्याने माझा डावा स्पर्शपाय दाबला, त्यावरचा काटा वाकवला आणि मग भिंगातून पाहून स्वतःच ओरडला, "वाकडा काटा! नवी जात!" उजवीकडे बघायची तसदी कोण घेतो?

जातीला त्याने सासऱ्यांचं नाव दिलं. कारण सासऱ्यांची खोली याच्या बाटल्यांनी बळकावली होती आणि सासरे पॅसेजमध्ये झोपत होते. भोळा माणूस खूश झाला. जिन्यात शेजाऱ्यांना अडवून विचारायचा, "माझ्या नावाचा कोळी आहे. तुमच्या नावाचं काय आहे?"

पुढे माझी चौकशी थांबली. स्पिरिट उडत गेलं, माझे गुडघे उघडे पडले. अखेर संशोधकाच्या पुस्तकासाठी त्याची बायको माझं चित्र काढायला बसली.

"अहो, उजवा काटा सरळ आहे."

"उजवा कशाला काढलास?"

"दोन आहेत म्हणून! डावा तुम्ही वाकवलात. ही जुनीच जात आहे. हिला नाव आहे आधीपासून."

"हळू बोल. बाबांना कळलं तर? छापू तसंच. वाचतंय कोण?"

विद्वान माणूस, मित्रांनो. अशांनी आमची वंशावळ लिहिली आहे.

"मी ऐकलं," दारातून सासरे म्हणाले. "म्हणजे माझं नाव गेलं?"

संशोधकाने मान खाली घातली. "नियमच आहे, बाबा. आधी दिलेलं नाव राहतं. नंतरचं रद्द."

"आधीचं राहतं?"

"हो."

"मग या खोलीत आधी कोण होतं, जावईबापू?"

बायको फिस्सकन हसली. संशोधकाने माझ्याकडे पाहिलं. संध्याकाळपर्यंत बाटल्या पॅसेजमध्ये आल्या, त्यांच्यामागून त्याची गादी. खोलीत सासऱ्यांचा पलंग लागला.

मित्रांनो, बाटलीत स्पिरिट वेळच्या वेळी भरत जा. आणि कुणाची खोली घ्यायचीच असेल, तर सरळ घ्या. त्यात कोळ्यांना ओढू नका. आम्हाला आमचं नाव आहे.