दुधातला अर्धा ग्रॅम

आकडे मांडत बसली की यशोधराला तंद्री लागायची. नगरच्या अन्न व औषध प्रशासनाच्या कार्यालयात ती अन्न सुरक्षा अधिकारी होती. पुढच्या तीन महिन्यांत जिल्ह्यातून कशाकशाचे नमुने घ्यायचे, याची यादी त्या दुपारी तिला करायची होती. वाट्याला आले होते साठ नमुने. आणि जिल्ह्यात दिवसभर काय काय शिजत होतं, तळलं जात होतं, पिशव्यांत भरलं जात होतं, याला गणतीच नव्हती.

तिने कागदावर चार रकाने आखले. विष किती जहाल, लोकांच्या पोटात किती जातं, लेकरांच्या पोटात जातं का, आणि सापडलंच तर आपल्या हातून काही होण्यासारखं आहे का. मिठाईतला रंग, हळदीतलं शिसं, भाजीवरचं औषध, सगळ्यांना गुण देत देत ती खाली आली आणि एका नावापाशी थांबली. अफ्लाटॉक्सिन. गाईने बुरशी लागलेली पेंड खाल्ली की बुरशीचं हे विष रूप पालटून दुधात उतरतं. कायद्याची मर्यादा तिला पाठ होती. दहा लाख लिटर दुधात फार तर अर्धा ग्रॅम.

तिने पेन खाली ठेवलं. खिडकीबाहेर हिवाळ्यातलं मऊ ऊन पडलं होतं. तिच्या डोळ्यांपुढे मात्र शंभर टँकर एकामागोमाग संथ चालले होते, कसलाही आवाज न करता, आणि त्या सगळ्यांत मिळून चिमूटभर काहीतरी विरघळलेलं होतं.

सहायक आयुक्त सूर्यभान दहिफळे यांनी यादी वाचून चष्मा कपाळावर सरकवला.

"दुधाचे बारा? पाणी, युरिया वगैरे तर आपण बघतोच की."

"हे वेगळं आहे, सर. सरकी पेंडेतून येणारं."

"याची एक तरी तक्रार आलीय? शिर्डीच्या पेढ्यांबद्दल माझ्याकडे ढीगभर आहेत."

"तक्रार येणारच नाही, सर. चवीत कळत नाही, वासात कळत नाही. पोटसुद्धा दुखत नाही. वर्षानुवर्षं थोडं थोडं जात राहतं आणि यकृत पोखरतं."

दहिफळेंनी यादीवर पेन टेकवलं. "यातले चार पेढ्यांना द्या," ते म्हणाले. "दुधाचे आठ घ्या. फक्त पाहणीचे नमुने. कुणावर खटला नाही, काही नाही. आधी आहे का ते तर बघू."

आठवा नमुना तिने शेवगावजवळच्या एका वस्तीवर घेतला. पहाटे धुकं इतकं दाट होतं की गाडी रस्त्यावरून चालली आहे की पाण्यावरून, ते कळेना. वेचायचा राहिलेला कापूस काळ्या रानात कुठे कुठे चमकत होता आणि धुक्याचेच तुकडे झाडांना अडकल्यासारखा दिसत होता. संकलन केंद्रावर माणसं आवाजाने आधी आणि अंगाने मागून येत. केंद्र चालवणारा रंगनाथ हातातलं माप न थांबवता तिच्याशी बोलत होता. कॅनमधून दूध ओतलं जाताना वाफ उठे आणि धुक्यात मिसळून जाई. यशोधराने बाटली भरली, सील केली आणि घटकाभर तशीच हातात धरून उभी राहिली. काच कोमट होती.

पंधरा दिवसांनी अहवाल आला. सात नमुने ठीक होते. आठवा मर्यादेच्या तिप्पट.

रंगनाथकडे बारा घरांचं दूध येत होतं. त्याला बरोबर घेऊन ती गोठ्या-गोठ्यांतून फिरली. नवव्या घरी चार गाई होत्या, गोठा झाडून लख्ख, दारात शेणाचा सडा. घर रंगुबाईचं. पन्नाशीची, एकटीने गाई सांभाळणारी बाई. गोठ्याच्या मागच्या भिंतीला सरकी पेंडेची पोती रचलेली होती आणि भिंतीला ओल आली होती. यशोधराने खालच्या पोत्यात हात घातला. हिरवट भुकटी बोटांना लागली.

"तेवढं बुरसलंय, व्हय," रंगुबाई म्हणाली. "टाकवत न्हाई, म्हून चांगल्यात कालवून घालते. गाया खात्यात की."

यशोधराने तिला सगळं सांगितलं. पेंडेतून गाईत, गाईतून दुधात. रंगुबाई ऐकत होती. मधेच तिने विचारलं, "उकळलं तर?"

"उकळून जात नाही, मावशी."

रंगुबाई खाली बसली. रंगनाथने मान फिरवली आणि हळूच सांगितलं, "अंगणवाडीला रोज दोन लिटर देती ती. फुकट. सहा वर्सं झाली."

एक गाय संथ रवंथ करत होती.

"वास न्हाई, रंग न्हाई," रंगुबाई म्हणाली. "मंग आमाला कळायचं कसं, ताई?"

"तुम्हाला कळणार नाही. म्हणूनच आम्ही आहोत." हे बोलताना यशोधराला आपलाच आवाज लांबून आल्यासारखा वाटला. सहा वर्षं होतो कुठे आपण, हेही तिच्या मनात येऊन गेलं. "पेंड आजच बंद करा. नुसता कडबा आणि घास घाला. चार-पाच दिवसांत दूध निवळतं. गाईच्या अंगात ते फार टिकत नाही."

"आन् पोरांच्या?"

"आता थांबलं, तर धोका वाढत नाही. लगेच काही होत नसतं, मावशी." याहून जास्त तिला खात्रीने सांगता येत नव्हतं, आणि तिने सांगितलंही नाही.

त्याच दुपारी रंगुबाईने पोती रानात नेऊन खड्ड्यात पुरली. पाच दिवस ती वेळेवर धारा काढायची, भरलेली बादली उकिरड्यापाशी न्यायची आणि ओतायची. तिसऱ्या दिवशी यशोधरा मुद्दाम गेली. उन्हात दूध काळ्या मातीवरून पसरत होतं, जागोजागी थांबत होतं आणि मग दिसेनासं होत होतं. दोघी तिथे उभ्या राहून बघत होत्या. रंगुबाईच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. "वासराच्या अंगात जायला नको म्हून," ती म्हणाली, "त्याला बी तोडलंय दोन दिस. वरचं पाजते."

सहाव्या दिवशी तिच्या गाईंच्या दुधाचा नमुना घेतला. अहवाल आला, त्यात काही सापडलं नाही. यशोधराने फोन करून सांगितलं.

"ताई," रंगुबाईचा आवाज आला. "आमच्यावानी अजून किती गोठं असत्याल?"

"ठाऊक नाही," यशोधरा म्हणाली. "आठ बाटल्यांवरून सांगता येत नाही."

दुसऱ्या दिवशी तिने हेच वाक्य दहिफळेंसमोर म्हटलं. त्यांनी तिचे चार रकाने पुन्हा वाचले. पेंडेची गोदामं आपल्या अखत्यारीत येत नाहीत, म्हणून पशुसंवर्धन खात्याला पत्र लिहा, असं ते म्हणाले आणि दुधापुढचा आठाचा आकडा खोडून स्वतःच्या हाताने तीस लिहिला.

पुढच्या आठवड्यात यशोधरा श्रीगोंद्याच्या वाटेला लागली. गाडीत मागे रिकाम्या बाटल्या एकमेकींना लागून बारीक किणकिणत होत्या. दोन्ही बाजूंना उसाचे तुरे वाऱ्यावर पांढरे हलत होते आणि दूरवर कुठल्या तरी वस्तीवर धारा काढायची वेळ होत आली होती.