निताच्या वाट्याचं

"दोघीले एकच पाकीट? जमनाबाई, औषध हाय ते, परसाद नाही वाटाले!"

माझा आवाज ऐकून म्हातारीनं परात मागं ओढली. मुलगा आणि सून ऊसतोडीला गेल्यापासून दोन्ही नाती तिच्याजवळ. थोरली रीता, धाकटी निता दीड वर्षाची. महिन्यापूर्वी निताच्या दंडाला घेर मोजायची रंगीत पट्टी लावली तर माप लाल रंगावर, म्हणजे लेकरू जायच्या वाटेवर. वाशिमच्या दवाखान्यात भरती करा म्हटलं, तर म्हणे, "मंग रीताले कोन पाहीन?" म्हणून मी, तांड्याची आशा कार्यकर्ती, उपकेंद्रातून दर आठवड्याला पोषणाची पाकिटं आणून देत होते. वजन काही हलेना. आज कारण दिसलं. तांड्यावरच्या रीतीनं दोघी बहिणी एकाच परातीत जेवत होत्या.

"एकीनं खावं अन् एकीनं पाहात बसावं का, बाई?"

"बसू द्या! जे चांगलंचुंगलं असन ते पह्यले निताले. मरून राह्यली ना ती, समजते का तुमाले?"

माझी जीभ तिखट, हे साऱ्या तांड्याला ठाऊक. पण त्या तिखटपणानंच कामं होतात, असा माझा तोरा होता.

सहा आठवड्यांनी निताचा दंड भरला. पट्टी हिरव्यावर आली. जमनाबाईनं हात जोडले. "धम्मदीपाबाई, तुमच्यानं वाचली पोरगी." मला काय आनंद झाला म्हणून सांगू! निघता निघता सहज दारातल्या चार वर्षांच्या रीताचा दंड धरला. पट्टी आवळत गेले, आवळतच गेले. लाल.

"हे काय हो? ही काय खाते?"

"भाकर अन् पानी. अंगनवाडी तं बंदच हाय. दाळ, तेल, गूळ, सारं निताले देतो. तुमीच सांगतलं होतं ना?"

आवाजात तक्रार नव्हती. सांगितलेली गोळी वेळेवर घेतली, असं सांगावं तसं ती सांगत होती. मला स्वतःची चीड आली. निताला चारा म्हणाले, रीताला काय चारायचं ते कुठं सांगितलं होतं? आणि त्या घरात होतं तरी काय?

मी माझा जेवणाचा डबा उघडला. उकडलेलं अंडं रीताच्या हातावर ठेवलं. "खाय, बाई."

तिनं अंड्याकडे पाहिलं. उठली, आत गेली आणि ते निताला भरवून आली. मग रिकामे हात मला दाखवत, मी शाबास म्हणेन म्हणून समोर उभी राहिली.