सिग्नलला मी का थरथरत होते

मी एक जुनी गाडी आहे. एकोणीस वर्षांची. रंग पांढरा, असं माझ्या कागदांवर लिहिलं आहे, आणि आता तो फक्त कागदांवरच आहे. मित्रांनो म्हणायची पद्धत आहे म्हणून तुम्हाला मित्रांनो म्हणते. तुमच्यातल्या निम्म्यांनी माझ्या काचेवरच्या धुळीत बोटानं 'मला धुवा' असं लिहिलं आहे, आणि उरलेल्यांचे चेंडू माझ्या टपावर आपटले आहेत. धुतलं मात्र एकानंही नाही. तरी ऐका. तुमच्याही घरात माझ्यासारखं एखादं जुनं यंत्र असेल, आणि त्याच्याकडे बघून मान हलवणारे शहाणे तर नक्कीच असतील.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. माझ्या पुढे एक पांढरी गाडी होती, मागे एक पांढरी गाडी होती, आणि मधल्या मध्ये मला वाटत होतं की मी कुणीतरी खास आहे. दसऱ्याच्या दिवशी मी गिरगावातल्या एका वाडीत आले. माझे मालक हेमचंद्र विमा कचेरीत हेडक्लार्क होते. त्यांच्या मजल्यावरची मी पहिली गाडी, त्यामुळे सगळी चाळ पेढे खायला खाली उतरली. कुणीतरी सांगितलं, सीटवरचं प्लास्टिक काढू नका, सीट खराब होतात. ते प्लास्टिक चार वर्षं काढलं नाही. चार वर्षं जो बसे त्याच्या मांड्या चिकटत, आणि उतरताना तो माझ्याच नावानं खडे फोडी.

हेमचंद्र गाडी चालवायला शिकले आणि तिसऱ्याच दिवशी त्यांनी मला वाडीच्या फाटकावर घातलं. फाटक अरुंद आहे, असं त्यांनी जाहीर केलं. त्या दिवसापासून मला चालवलं ते त्यांच्या बायकोनं. पद्मजाबाई शाळेत गणित शिकवायच्या. त्या गाडी शिकल्या, परवाना काढला आणि एकोणीस वर्षांत मला एक ओरखडाही पाडला नाही. हेमचंद्र एकोणीस वर्षं शेजारी बसले. 'गिअर बदल', 'डावीकडे घे', 'हळू' एवढे तीन हुकूम त्यांना येत, आणि ते चर्नी रोडपासून भायखळ्यापर्यंत त्यांना पुरत.

त्यांचं खरं राज्य दसऱ्याला असे. त्या दिवशी ते पांढरा सदरा घालून यायचे. झेंडूचा हार, चाकांखाली लिंबं, आणि मग बॉनेट उघडून इंजिनाला हळदकुंकू. शेवटी इंजिनाला लाल धागा. इंजिनाला म्हणजे कुठे, याचा त्यांनी कधी विचार केला नाही. हाताला पहिली लागायची ती बोटाएवढी रबरी नळी, तिलाच ते गच्च गाठ मारायचे. आदल्या वर्षीचा धागा तसाच ठेवून त्याच्यावर नवा. पूजेतला धागा काढायचा नसतो, असं त्यांच्या वडिलांनी सांगितलं होतं. वडिलांकडे सायकल होती.

दोन वर्षांपूर्वी मी थरथरायला लागले. पळताना मी ठणठणीत. पूल चढायला सांगा, चढते. पण सिग्नलला उभी राहिले की अंगात कापरं भरायचं. आरसा हलायचा, हेमचंद्रांच्या चष्म्याचं घर पुढच्या फळीवर नाचायचं, आणि दोनचार आचके देऊन मी बंद. दर गुरुवारी पद्मजाबाई काळाचौकीला आपल्या आईकडे जात. आनंदीबाई नव्वदीच्या, मांडीचं हाड मोडलेलं, त्यांना व्यायामाच्या दवाखान्यात न्यायचं. माझं दार रुंद, सीट नेमक्या उंचीची, त्यामुळे त्या माझ्यातच बसू शकत. आणि लालबागच्या सिग्नलला मी त्या दोघींसकट बंद पडायचे. मागे बसवाले, टॅक्सीवाले हॉर्नवर हात ठेवून बसायचे. त्यातले अर्धे खिडकीतून आधी बघायचे की चालवणारी बाई आहे का. असली की त्यांचं समाधान व्हायचं.

मग माझ्यावर उपचार सुरू झाले. मित्रांनो, माणसाला न येणारं काम करताना बघायचं असेल तर माझ्या बॉनेटखाली जागा घ्या.

हेमचंद्रांचं निदान सगळ्यांत स्वस्त. "क्लचवरून पाय लवकर काढतेस," ते म्हणाले. बायकोचा पाय त्यांना दिसला. स्वतःचा हात नाही दिसला. मुलगा उन्मेष संगणकाच्या कंपनीत आहे. त्यानं माझ्या पोटाशी बिघाड सांगणारी एक डबी खुपसली, तिचा निरोप फोनवर वाचला आणि म्हणाला, पेट्रोल कमी पडतंय, हवा जास्त होतेय. आता हवा जास्त होतेय म्हटल्यावर ती शिरते कुठून, हे पाहावं की नाही? या पठ्ठ्यानं माझ्या टाकीतला पेट्रोल ओढणारा पंप बदलला. इतकं शिकवून ही अक्कल.

मग लालबागचा जयवंत. त्याच्या गॅरेजवर 'तज्ज्ञ' असं लिहिलेलं आहे. त्याच्याकडे सगळ्या रोगांवर एकच औषध होतं, बदलून टाका. प्लग बदलले, त्यांच्या वायरी बदलल्या, इंजिनाखालची रबरं बदलली. दर वेळी मी दोन दिवस लाजेखातर बरी वागायचे आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा थरथरायचे. तो बॉनेट उघडायचा, धाग्यांचा तो मुठीएवढा मळका गोळा त्याला दिसायचा, आणि तो त्याला नमस्कार करून आजूबाजूचं सगळं तपासायचा. गोळा सोडून. उन्मेषनंही तेच केलं. आणि खरं सांगायचं तर मला ते आवडायचं. सगळ्या वाडीत एवढा मान कुठल्या गाडीला होता?

शेवटी जयवंतनं हात टेकले. "काका, हिच्यात आता काही उरलेलं नाही," तो हेमचंद्रांना म्हणाला. "आणि राग मानू नका, काकूंचं वय झालं. पाय नीट पडत नाही."

घरी बैठक झाली. ती खिडकीत झाली म्हणून मला ऐकू आली.

"आई, शनिवारी भंगारवाला येतोय," उन्मेष म्हणाला. "नवी गाडी घेऊ. पण तू नाही चालवायचीस आता. ड्रायव्हर ठेवतो."

"माझ्या पायाला काहीही झालेलं नाही."

"अगं, कोण काय म्हणतंय? आराम कर ना आता."

म्हणजे शनिवारी दोघींना एकदमच निकालात काढायचं ठरलं होतं. मला वजनकाट्यावर आणि त्यांना मागच्या सीटवर.

शुक्रवारी सकाळी पद्मजाबाई खाली आल्या. मला सुरू केलं, गिअर न्यूट्रलवर ठेवला, दार उघडलं आणि आडव्या बसून दोन्ही पाय बाहेर फरशीवर टेकवले. मी थरथरले. त्यांनी नवऱ्याला हाक मारली.

"अहो, बघा. माझे दोन्ही पाय बाहेर आहेत. आता कोणाचा पाय क्लचवर आहे?"

हेमचंद्रांनी पाय बघितले, मला बघितलं. "म्हणजे गाडीच गेली," ते म्हणाले. चुकलो म्हणायला त्यांना तेव्हाही जमलं नाही.

तेवढ्यात राधाबाई आल्या. राधाबाई कोळीण, गेली तीस वर्षं वाडीत मासे आणतात. मला त्या कधीच आवडल्या नाहीत. त्यांनी एकदा पाटी माझ्या बॉनेटवर टेकवली होती, तो वास महिनाभर गेला नव्हता. आता त्यांनी पाटी खाली ठेवली आणि मान तिरकी करून उभ्या राहिल्या.

"बाई, ही हवा खातेय," त्या म्हणाल्या.

"तुम्हाला काय कळतं त्यातलं?" हेमचंद्रांनी विचारलं.

"होडीच्या इंजिनाशेजारी पोरं वाढवली मी. नळीत हवा शिरली की तेपण असंच आचके देतं. तुमच्याकडे पाईपचा तुकडा हाय काय?"

वाडीच्या नळाला हातभर पाईप होता. एकोणीस वर्षांत मला धुवायला तो कुणाला सापडला नव्हता, त्या दिवशी लगेच सापडला. पद्मजाबाईंनी बॉनेट उघडलं. राधाबाईंनी पाईपचं एक टोक कानाला लावलं आणि दुसरं माझ्या इंजिनावरून सावकाश फिरवलं. धाग्यांच्या गोळ्यापाशी आल्यावर त्या थांबल्या. पाईप पद्मजाबाईंच्या कानाला लावला. आत सूं सूं आवाज येत होता.

मग राधाबाईंनी पाटीतल्या बर्फाच्या पाण्यात बोटं बुडवली आणि गोळ्यावर पाणी शिंपडलं. माझं कापरं थांबलं. पाणी शोषून घेईपर्यंत, जेमतेम दोन श्वास, मी शांत उभी होते. पुन्हा शिंपडलं, पुन्हा थांबले.

"याच्या खाली हाय बघा," राधाबाई म्हणाल्या. "सोडवा हे."

"पूजेचे धागे आहेत ते," हेमचंद्र म्हणाले. "काढायचे नसतात."

राधाबाईंनी गोळ्याला हात जोडले. अगदी मनापासून. "आम्हीपण होडीची पूजा करतो, साहेब. नारळ देतो. पण नारळ इंजिनात नाय ठेवत."

पद्मजाबाईंनी मला बंद केलं आणि वर जाऊन कात्री आणली. हेमचंद्रांनी ती घेतली नाही. चष्मा कपाळावर चढवून ते एकेक गाठ नखानं सोडवत बसले. तेल, धूळ, कुंकू यांनी गाठी दगड झाल्या होत्या. वरचे धागे लाल होते, तळाचे काळे. एकोणिसावा सुटला तेव्हा खालची नळी दिसली. गाठींनी आवळून तिची कंबर सुतळीएवढी झाली होती आणि तिथेच तिला उभी चीर गेली होती. पळताना मी ढीगभर हवा ओढते, तेव्हा त्या चिरेनं काही बिघडत नसे. उभी राहिले की मला घोटभर हवा लागते, आणि त्यात ही फुकटची भर पडली की मला धाप लागे. एवढंच होतं. दोन वर्षं, एक डबी, एक तज्ज्ञ, आणि एवढंच.

हेमचंद्र नळी हातात घेऊन उभे होते. "मीच बांधले," ते म्हणाले. "दर वर्षी." मग बायकोकडे न बघता म्हणाले, "आणि तुझ्या पायाला बोललो."

पद्मजाबाई दुकानात जाऊन तसलीच नळी घेऊन आल्या आणि त्यांनी स्वतः बसवली. राधाबाईंनी पापलेटं विकली आणि पुढच्या वाडीत गेल्या. शनिवारी भंगारवाला आला, त्याला उन्मेषनं खालूनच परत पाठवलं. "आणि ड्रायव्हरलाही नको म्हणून कळव," पद्मजाबाईंनी वरून सांगितलं.

मित्रांनो, आता शिकवण सांगायची वेळ आली, आणि मलाच थोडी लाज वाटते आहे. दोन वर्षं मी या सगळ्यांना मूर्ख म्हणत होते. गाठ आवळतेय, हे त्यांच्याआधी मला कळत होतं. पण लोक नमस्कार करत होते ना, मग मी कशाला कुरकुरू? तेव्हा मूर्खांची मोजणी केलीत तर मला वगळू नका. यंत्राला हार घाला, कुंकू लावा, माझी ना नाही. पण आधी त्याला फडक्यानं पुसा, आणि जिथे हात लावायला संकोच वाटतो तिथे आधी हात लावून बघा. आणि गाडी थरथरली तर आधी बॉनेट उघडा, चालवणारीचे पाय नंतर बघा.

यंदाच्या दसऱ्याला हेमचंद्र धागा घेऊन आले आणि बायकोला विचारलं, "कुठे बांधू?" तिनं आरसा दाखवला. त्यांनी सैल गाठ मारली.

परवाच्या गुरुवारी आम्ही लालबागच्या सिग्नलला उभ्या होतो. मागे आनंदीबाई, शेजारी हेमचंद्र. सगळं गप्प होतं. हेमचंद्रांनी चष्म्याच्या घराकडे पाहिलं, ते जागचं हललं नव्हतं. आरशाचा धागा सरळ लोंबत होता.

"बंद पडली वाटतं," ते हळूच म्हणाले.

"चालू आहे," पद्मजाबाई म्हणाल्या, आणि दिवा हिरवा झाल्यावर त्यांनी गिअर टाकला.