कढत आंघोळ आणि गार तीर्थ

टीव्हीच्या पडद्यावर चौकोनच चौकोन. प्रत्येकात एक आजारी चेहरा, एक समई आणि बंद खिडकी. बसवनगुडीतल्या आमच्या घरीही कीर्तन मंडळाच्या बायका दाटीने बसल्या होत्या. मध्ये चटईवर माझी धाकटी जाऊ वसुमती, महाराजांच्या आज्ञेप्रमाणे कढत पाण्याने न्हालेली, घामाने निथळत होती. पंखा बंद.

"उचला पाय!" पडद्यावरून नाडीनाथ महाराज गरजले.

पाय जागचा हलेना.

"कर्मबंध! लावा तीर्थ!"

फ्रिजच्या तळातून काढलेल्या कुपीतल्या पाण्यात पंचा भिजवून तिच्या मानेवर ठेवला. महाराज बोलतच होते. "पिलाटिस हे विलायती नाव. मूळ आपली प्राणलतिका! डावा पाय इडा, उजवा पिंगला, आणि तुमचा वायफाय ती सुषुम्ना!"

थोड्या वेळाने पाय हळूहळू वर आला. मंडळातल्या भागुबाई रडायलाच लागल्या.

"पुढच्या गुरुवारी औषध-विसर्जन," महाराज गोड आवाजात म्हणाले. "सगळ्यांनी सुई कॅमेऱ्यासमोर कचऱ्यात टाकायची."

वसुमतीला मल्टिपल स्क्लेरोसिस आहे, मज्जातंतूंवरचं आवरण झिजवणारा आजार. इंजेक्शन नवा झटका लांब ठेवतं. एकदा ते चुकलं, तेव्हा तिच्या एका डोळ्याची नजर गेली होती. ती परत यायला सगळा उन्हाळा लागला. सुई टाकू नकोस, असं मी तिला सांगितलं.

"वहिनी, तुम्ही एवढी कीर्तनं ऐकता आणि तुमचाच विश्वास नाही?" वसुमती म्हणाली.

"अगं, बुवा पूर्वरंगात शंका काढतात आणि उत्तररंगात फेडतात. हे महाराज शंका काढूच देत नाहीत."

मी पवित्राला फोन केला. ही निपाणीची फिजिओथेरपिस्ट. वसुमती पूर्वी तिच्याच पिलाटिस व्यायामाच्या ऑनलाइन क्लासला असायची. सगळं ऐकून तिने एकच विचारलं, "आधी गरम आंघोळ? का म्हणून?" मग मला एक काम सांगितलं.

गुरुवारी पुन्हा तीच गर्दी, तीच कोंडलेली वाफ. या वेळी बायकांत पवित्राही येऊन बसली होती. वसुमतीच्या मांडीवर इंजेक्शनचा डबा, शेजारी कचऱ्याची बादली. पाय लुळा. तीर्थाचा पंचा मानेवर ठेवला. आम्ही वाट पाहिली. पाय हलला नाही.

"श्रद्धा कमी पडली!" महाराज ओरडले.

"श्रद्धा तेवढीच आहे," पवित्रा पुढे झाली. "तीर्थ कोमट आहे. सकाळीच या अक्कांनी," तिने माझ्याकडे हात केला, "ते फ्रिजमधून काढून ठेवलं. आता स्वल्प थांबा."

तिने खिडकी उघडली, पंखा लावला, फ्रिजमधल्या बाटलीतलं साधं नळाचं पाणी पंच्यावर ओतलं आणि तो वसुमतीच्या मानेवर, मनगटांवर फिरवला. पंचा तापला की पुन्हा भिजवला. मग पाय उठला.

"अंग तापलं की झिजलेल्या तंतूंतून निरोप नीट पोचत नाही," पवित्रा म्हणाली. "गार झालं की पोचतो. आजार जिथल्या तिथेच. म्हणून तर माझ्या क्लासात पहिली सूचना पंख्याची असते. व्यायामाने तोल सुधारतो, थकवा कमी होतो, पण तो औषधाच्या जागी नाही. हे महाराज आधी पाय लुळा करतात, मग बरा करतात."

"मग मी रडले ते कशापायी गं?" भागुबाई पुटपुटल्या.

"फ्रिजपायी, अक्का," पवित्रा म्हणाली.

पडद्यावर लोक सुया काढत होते. वसुमती किंचाळली, "टाकू नका! ऐका, टाकू नका!" पण महाराजांनी आमचा आवाज बंद केला होता. खिडकीच्या हिरव्या पडद्यासमोर बसलेल्या एका तरुण मुलीने हात जोडले, सुई कपाळाला लावली आणि बादलीवर धरली. तेवढ्यात आम्हाला बाहेर काढलं. टीव्ही काळा.

वसुमतीने डबा फ्रिजमध्ये ठेवला, कुपीच्या जागी. रात्री इंजेक्शन घेतलं.

ती मुलगी कोण, कुठली, आम्हाला माहीत नाही. खूप शोधलं. म्हणून हे लिहिते आहे. बाई, देवाला हात जोड, मीही रोज जोडते. पण कुणी तीर्थ म्हणून पाणी पुढे केलं, तर आधी त्यात बोट घालून बघ.