मूठभर धानाची पारख

मी एक जुनी इस्त्री आहे. बिडाची, कोळशावर तापणारी, हाताला जड. माझी लाकडी मूठ एका बाजूने झिजली आहे, ती देवकाबाईंच्या अंगठ्याने. आता त्यांच्याच दाराला टेकण म्हणून मी पडून असते. मित्रांनो, अठरा वर्षे झाली, माझ्या पोटात विस्तव पडलेला नाही. असे का झाले, ते मला एकदा सांगून टाकायचे आहे.

गोंदियाच्या बाजारात छोटेलालच्या दुकानी आम्ही सहा-सात इस्त्र्या ओळीने बसलो होतो. देवकाबाई केशोरीच्या. गोधड्या शिवण्यात त्यांचा हात धरणारे पंचक्रोशीत कोणी नव्हते. छोटेलालने त्यांच्यापुढे एक चकचकीत, हलकी इस्त्री सरकवली आणि हिने हात दुखणार नाही, असे हिंदीतून पटवू लागला.

"चार पदराच्या गोधडीले हलकी कायले नेऊ?" असे म्हणून त्यांनी मला उचलले.

ओला फडका तळावरून फिरवून कुठे खरखर लागते का ते पाहिले. मग पदराची गाठ सोडली, मूठभर धान माझ्या पोटात घातले, झाकणाची कडी लावली आणि मला चांगली आडवीतिडवी हलवली. एकही दाणा सांडला नाही. जिच्यातून दाणा गळत नाही, तिच्यातून निखाराही गळत नाही, ही त्यांची पारख. छोटेलाल हसला. मी मात्र फुलून गेले. इतके निरखून मला कोणी पाहिलेच नव्हते.

घरी आल्यावरही हा नेम चुकला नाही. कोळसे भरण्याआधी दर वेळी मूठभर धान. दाणा गळला, की काम बंद आणि माझी रवानगी लोहाराकडे. त्यांची एकुलती एक लेक शामकला चिडवायची, की माय आधी इस्त्रीला जेवू घालते, मग आम्हाला. शिवणीवर मला फिरवायला तिला फार आवडे. तिचा हात हलका होता. तो मला अजून आठवतो.

शामकलाचे लग्न फुलचूरच्या परसरामशी झाले. पहिल्या बाळंतपणाला ती माहेरी आली. मुलगी झाली, आणि दुसऱ्याच दिवशी शामकला गेली. बावीस वर्षांची होती हो.

परसरामच्या वहिनीचे मूल तान्हे होते. तिच्या दुधावर बाळ वाढेल असे ठरले, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी बाळाला न्यायला बैलांची रेंगी आली. देवकाबाईंनी शामकलाची जुनी, मऊ लाल लुगडी काढून चार पदर जुळवले होते. आईची ऊब म्हणून लेकराला तेवढेच मिळणार होते. शिवून झाले होते, शिवणी तेवढ्या दाबायच्या होत्या.

पण घरात सूतक होते. सुतकात धानाच्या कोठीला हात लावायचा नाही, असा त्यांच्या घरचा रिवाज. देवकाबाई कोठीपर्यंत गेल्या आणि रिकाम्या हाताने परत आल्या. त्या दिवशी मला धान मिळाले नाही. माझी कडी सैल झाली होती. मला ते कळत होते, पण मला वाचा कुठे होती?

निखारा गळला. गोधडीच्या मधोमध, चारही पदरांतून जळत गेला. देवकाबाईंनी तो उघड्या तळहाताने दाबून विझवला. जरासुद्धा ओरडल्या नाहीत. नेसत्या लुगड्याचा पदर टरकन फाडला, तो जाडाभरडा निळा तुकडा भोकावर लावला आणि भाजल्या हाताने ठिगळ शिवले. रेंगी निघून गेली. मग मला कोपऱ्यात ठेवत त्या म्हणाल्या, "तुवा काही कसूर नाही. मीच नाही पारखलं."

त्यानंतर त्यांनी मला कधी तापवले नाही. गोधड्याही सोडल्या.

देश स्वतंत्र झाला त्या वर्षी, दिवाळीनंतर, ती मुलगी आजीला भेटायला आली. नाव कुंदा. चालण्याची ढब थेट शामकलाची. तिने पिशवीतून गोधडी काढली. जुनी लाल लुगडी विरून गेली होती, कडेला चार धागे लोंबत होते. शाबूत राहिले होते ते फक्त निळे ठिगळ. ते गालाला लावून ती म्हणाली, "आजी, माया मायचं एवढंच लुगडं उरलं. मी हेच उशाशी घेऊन झोपतो."

देवकाबाईंनी भाजल्याची खूण असलेला तळहात हळूच मिटला.

"हो बाई," त्या म्हणाल्या, "तुया मायचंच हाये."

मित्रांनो, इस्त्री घ्याल तेव्हा जड घ्या, गुळगुळीत तळाची घ्या. आणि तापवण्याआधी, घरात काहीही झालेले असो, तिची कडी एकदा हलवून पाहा.